गढीचे नवोदय आणि उसाचा फड

दसरा उलटला की शिरूर कासार तालुक्यातील वस्त्यांना कुलुपे लागू लागतात. मुकादमाची उचल फेडण्यासाठी सिंदफणेच्या काठची माणसे कोयता घेऊन बाहेर पडतात आणि भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून त्यांची मुलेही जातात. याच हंगामात, अलीकडे डिसेंबर किंवा जानेवारीतील एखाद्या शनिवारी, जिल्ह्यातील पाचवीची मुले एका परीक्षेस बसतात. दोन तासांची ही परीक्षा ज्यांना साधते, अशा जास्तीत जास्त ऐंशी मुलामुलींना गेवराई तालुक्यातील गढी येथील जवाहर नवोदय विद्यालयात सहावीस प्रवेश मिळतो. तेथून बारावीपर्यंत त्यांच्या अन्नाची, वस्त्राची, पुस्तकांची व निवासाची जबाबदारी केंद्र सरकार वाहते. जो मुलगा त्या शनिवारी फडावर असतो तो प्रश्नपत्रिका न पाहताच नापास होतो. त्याला दुसरी संधीही नाही, कारण ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांतच धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेनंतर मुलांच्या सवलती जातील काय, दाखल्यावर काय लिहावे, शाळेत धर्म सांगावा की लपवावा, हे प्रश्न तुमच्या घरात हळू आवाजात विचारले जातात. वकिलीच्या निमित्ताने ते आमच्या टेबलावर रोज येतात, म्हणून आम्हांस ठाऊक आहेत. गढीच्या शाळेच्या निमित्ताने त्यांचे उत्तर एकदा मोकळेपणाने देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

ही शाळा कोठून आली ते आधी पाहू. 1971 साली आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री पी. व्ही. नरसिंह राव यांच्या कारकिर्दीत नलगोंडा जिल्ह्यातील सर्वेल या खेड्यात एक निवासी शाळा निघाली. खेड्यातील गरीब पण हुशार मुलगा परीक्षेने निवडावा आणि त्याला सरकारी खर्चाने राहते ठेवून शिकवावे, अशी तिच्यामागची कल्पना होती. राव हे जुन्या हैदराबाद संस्थानातले. त्यांना मराठी उत्तम येत असे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. पुढे राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात शिक्षणखाते त्यांच्याकडे आले. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात जिल्ह्याजिल्ह्यातून अशी विद्यालये काढण्याचे ठरले, ते सर्वेलचेच मोठे रूप होय. पहिली दोन विद्यालये 1985-86 साली निघाली. एक हरियाणात झज्जर येथे, दुसरे आपल्या महाराष्ट्रात अमरावतीस. आज देशभर त्यांची संख्या साडेसहाशेच्या वर गेली आहे. तमिळनाडूने मात्र हिंदीच्या प्रश्नावरून ती स्वीकारली नाहीत.

नलगोंडा आणि बीड हे दोन्ही जिल्हे 1948 पर्यंत एकाच निजामाच्या अमलाखाली होते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून चाले. मराठी खेड्यातील कुणब्याच्या मुलाला ते दूर होते. आपल्या मुलाला तर शाळेच्या ओसरीवरसुद्धा जागा मिळण्याची मारामार. 1950 मध्ये बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेस महाविद्यालय काढले तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. ज्यांच्या आजोबांना पाटीही मिळाली नाही, त्यांच्या नातवंडांसाठी आज त्याच मुलुखात प्रयोगशाळा, ग्रंथालय व वसतिगृह असलेली सरकारी शाळा उभी आहे. ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु निवडक शाळेची भलामण करण्यापूर्वी तिच्यावरील आक्षेपही ऐकला पाहिजे. 1964 ते 1966 या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने सर्व मुलांसाठी समान शाळांची शिफारस केली होती. कलेक्टरचा मुलगा आणि कोतवालाचा मुलगा एकाच बाकावर बसावा, असा त्या शिफारशीचा अर्थ. सरकारने ती बाजूस ठेवली आणि वीस वर्षांनी जिल्ह्यातून एकाच ठिकाणी चांगली शाळा काढून उरलेल्यांना जुन्याच छपराखाली ठेवले. 1990 साली नेमलेल्या आचार्य राममूर्ती समितीने समान शाळेचा आग्रह पुन्हा धरला. त्याचेही फारसे काही झाले नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 13 वे कलम शाळाप्रवेशासाठी मुलांची चाळणी करण्यास मनाई करते. त्याच कायद्याने नवोदयास विशेष प्रवर्गाची शाळा म्हटले आहे, आणि तिची परीक्षा चालूच राहिली आहे. जो हुशार म्हणून निवडला जातो त्याला सरकार सात वर्षे पोसते, आणि जो दोन गुणांनी राहिला तो ज्या शाळेत परत जातो तेथे एकच गुरुजी दोन वर्ग सांभाळीत असतात. हा न्याय नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग आम्ही तुम्हांस त्या परीक्षेकडे का पाठवीत आहोत? कारण अन्यायाच्या घरातही जी जागा कायद्याने आपली आहे ती सोडून देणे म्हणजे अन्याय दुणावणे होय. बाबासाहेब स्वतः 1907 साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले. ती सरकारी शाळा होती, आणि तेथे अपमान होत नव्हते असेही नाही. तरी सुभेदार रामजींनी मुलाचे नाव काढून घेतले नाही.

आता जागेचा प्रश्न. ऐंशी जागांपैकी किमान तीन चतुर्थांश ग्रामीण भागातील मुलांच्या आहेत. एकतृतीयांश मुलींच्या आहेत. अनुसूचित जातींचा वाटा शंभरात किमान पंधरा, म्हणजे ऐंशींत बारा, आणि जिल्ह्यात त्यांची लोकसंख्या अधिक असेल तर त्या प्रमाणात अधिक. या बारा जागांवर बौद्ध मुलाचा हक्क आहे काय? आज आहे. पण ज्या वर्षी नवोदये निघाली त्या वर्षी नव्हता, आणि ही कथा प्रत्येक बौद्ध घरात सांगितली गेली पाहिजे.

संविधानाखालील अनुसूचित जातींचा आदेश राष्ट्रपतींनी 10 ऑगस्ट 1950 रोजी काढला. हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारा माणूस अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात म्हटले होते. 1956 मध्ये त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरास लाखोंनी दीक्षा घेतली, आणि केंद्राच्या लेखी ते सारे एका दिवसात सवलतींतून बाहेर पडले. जणू शरण गेल्याबरोबर गावविहिरीने त्यांना पाणी देण्यास सुरुवात केली होती! महाराष्ट्र राज्य 1960 साली झाले तेव्हा राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील सवलती नवबौद्धांस लागू केल्या. केंद्राची दारे मात्र बंदच होती. 1964 च्या डिसेंबरात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने जो देशव्यापी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, त्याच्या मागण्यांत ही मागणीही होती. तरीही ती मान्य होण्यास 1990 साल उजाडावे लागले. त्या वर्षी संसदेने आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात हिंदू व शीख यांच्या पुढे बौद्ध हा शब्द घातला.

नवोदय ही केंद्राची संस्था. म्हणून 1986 पासून 1990 पर्यंत ज्या मुलाने आपल्या कागदावर बौद्ध असे प्रामाणिकपणे लिहिले, त्याला तेथील राखीव जागा मागता येत नव्हती. आणि ज्याच्या वडिलांनी भीतीने हिंदू महार हीच नोंद ठेवली होती त्याला ती येत होती. चौतीस वर्षे कायद्याने आपल्या लोकांना असा खोटेपणा शिकविला. अनेक घरांत आजोबांच्या नोंदीत हिंदू महार, वडिलांच्या नोंदीत नवबौद्ध आणि मुलाच्या नोंदीत नुसतेच बौद्ध आढळते. हे एकाच वंशाचे तीन कागद एकमेकांशी भांडतात, आणि त्यांचे भांडण कार्यालयाच्या खिडकीवर लहान मुलास भोगावे लागते.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी सिंदफणेकाठच्या एका गावचा ऊसतोड कामगार आमच्याकडे आला. मुलगी नवोदयास निवडली गेली होती. हातातील दाखल्यावर जात या रकान्यात नवबौद्ध एवढेच लिहिलेले. केंद्राच्या यादीत नवबौद्ध नावाची जात नाही. तेथे महार आहे, मांग आहे, चांभार आहे. दाखला दुरुस्त करून आणण्यास सांगण्यात आले. एका कार्यालयात तो तीन वेळा गेला आणि तिन्ही वेळा त्याला 1950 पूर्वीचा पुरावा आण म्हणून परत पाठविण्यात आले. कोणता पुरावा, कोठून, हे कोणी सांगेना. शेवटी शेजारच्या गावातील जुन्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलीच्या चुलतआजोबांचे नाव निघाले. नोंद उर्दूत होती. ती वाचून दिली ती एका सेवानिवृत्त मुसलमान मास्तरांनी, आणि त्यासाठी चहाही घेतला नाही. मुदत संपण्यास दोन दिवस असताना दाखला हातात पडला. कागद मागणाऱ्या बाबूला दोष देऊन आम्हांस समाधान मिळत नाही. परंतु तो कागद कोठे मिळतो हे एका वाक्यात सांगण्यास त्याचे काय जात होते, हे आजही कळलेले नाही.

यातून तुम्हांस व्यवहाराची गोष्ट सांगावयाची ती अशी. दाखल्यावर पूर्वजांची अनुसूचित जात नावानिशी असली पाहिजे आणि धर्म बौद्ध असला पाहिजे. जातीचे नाव लिहिताना कित्येकांचे मन खाते; जी सोडली ती पुन्हा का लिहावी, असे तरुण विचारतात. त्यांना आमचे सांगणे असे की, तो रकाना तुमची श्रद्धा विचारीत नाही. तुमच्या आजोबांवर कोणत्या नावाने अन्याय झाला एवढेच तो विचारतो, आणि त्याचे उत्तर देण्यात लाज वाटावयाची असेल तर ती अन्याय करणाऱ्यास वाटावी. मातंग, चर्मकार किंवा अन्य अनुसूचित जातींतून जी कुटुंबे अलीकडे धम्मात आली त्यांनाही हाच नियम लागू आहे. दीक्षेमुळे त्यांचा केंद्रातील हक्क बुडत नाही. कोणी बुडतो म्हणून सांगत असेल तर त्याला 1990 च्या दुरुस्तीचे नाव सांगा.

आपल्या राज्यात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी कुटुंबाचे वास्तव्य व जात 10 ऑगस्ट 1950 पूर्वीची दाखवावी लागते. ही तारीख कोठून आली ते वर दिलेच आहे. त्या दिवशी बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपले जुने कागद पुष्कळदा उर्दूत असतात आणि घरच्यांना ते आपले आहेत हेच ओळखू येत नाही. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जन्ममृत्यूची नोंद, इनाम जमिनीचे कागद, यांत कोठे तरी आजोबा सापडतात. वडिलांकडच्या रक्तनात्यातील कोणास पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत मोलाची आहे. चुलत्याशी बोलणे बंद असेल तर या कामापुरते तरी सुरू करा. नवोदयात दाखला प्रवेशाच्या वेळी तपासतात, अर्जाच्या वेळी नव्हे. म्हणून लोक निकालापर्यंत थांबतात आणि मग धावतात. मूल चौथीत गेले की दाखल्याच्या मागे लागावे.

दुसरी अडचण कागदापेक्षा नाजूक आहे. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेली असावी लागतात. एक दिवसही शहरी शाळेत नाव असले तर तो शहरी उमेदवार ठरतो. शिकवणीच्या मोहाने ज्यांनी तिसरीतच मुलाचे नाव बीडला घातले त्यांनी आपल्या हाताने साठ जागांचे दार लावून घेतले. शिरूर कासार गावास आता नगरपंचायत आहे. तेव्हा गावातल्या शाळेची गणना ग्रामीण होते की शहरी, हे त्या शाळेच्या पालकांनी अर्जापूर्वीच मुख्याध्यापकांकडून लेखी समजून घ्यावे. वाडी-वस्तीवरील जिल्हा परिषदेच्या शाळेविषयी असा प्रश्न नाही. तिला हिणवू नका. या बाबतीत तीच तुमच्या मुलाचे कागद भक्कम ठेवते.

शिवाय पाचवीचे पूर्ण वर्ष ज्या जिल्ह्यात प्रवेश हवा त्याच जिल्ह्यात झालेले असावे लागते. येथे उसाचा फड आडवा येतो. कारखाना अहिल्यानगरचा असो, सांगली-कोल्हापूरचा असो की कर्नाटकातला, मुलगा कोपीवर गेला आणि तेथील साखरशाळेत वा गावच्या शाळेत नाव दाखल झाले, की तो बीड जिल्ह्याचा उमेदवार राहत नाही. नाव कोठेच दाखल झाले नाही तर अभ्यास राहत नाही. दहा वर्षांची मुलगी फडावर धाकट्या भावास सांभाळते, वाढे बांधते, पाणी आणते. तिच्याकडून अंकगणिताच्या वीस, भाषेच्या वीस आणि बुद्धिमत्तेच्या चाळीस प्रश्नांची अपेक्षा कशी करावी? प्रश्न अवघड नसतात. परीक्षा मराठीतून देता येते, चुकीच्या उत्तरास गुण कापीत नाहीत. निम्मे गुण आकृत्या ओळखण्याच्या बुद्धिमत्ता चाचणीस आहेत. त्या आकृत्यांचा सराव मात्र हवा, आणि सरावास घर हवे.

आईबापांना आम्ही येथे दोष देत नाही. उचल घेतलेली असते, जोडीचा कोयता मोडता येत नाही, आणि तरणी होत आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी हा प्रश्न पुस्तकी नव्हे. परंतु जिल्ह्यात स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शाळेला जोडून हंगामी वसतिगृहे चालविण्याची योजना आहे. ती तुमच्या गावात चालू होते की नुसती कागदावर चालते, हे पाहण्याचा अधिकार शाळा व्यवस्थापन समितीस आहे आणि त्या समितीत पालकच असतात. दसऱ्यापूर्वी मुख्याध्यापकांकडे मुलांची यादी लेखी द्या व पोच घ्या. तोंडी सांगितलेले कोणाच्याच लक्षात राहत नाही, हा आमचा वीस वर्षांचा अनुभव आहे.

आता निवड झाल्यानंतरचे थोडेसे, कारण मूल तेथे कसे राहील याची तुम्हांस काळजी असणार. गढी सोलापूर-धुळे रस्त्यावर आहे. जवळच साखर कारखानाही आहे, त्यामुळे तुमच्यापैकी कित्येकांनी तो फाटा ट्रकवरून पाहिलेला असेल. विद्यालयात मुले पहाटे उठतात, कवायत करतात, रात्री अभ्यासिकेस बसतात. अरवली, निलगिरी, शिवालिक व उदयगिरी अशा चार सदनांत ती वाटलेली असतात. सर्व जातींची मुले एका भोजनगृहात जेवतात. आपल्या पाणवठ्याचा इतिहास ज्यांना माहीत आहे त्यांना या ओळीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. आरंभी शिक्षण मातृभाषेतून असते, पुढे गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि समाजशास्त्र हिंदीतून येते. नववीत काही मुलांना एक वर्षासाठी हिंदी प्रांतातील नवोदयात पाठवितात व तिकडची मुले इकडे येतात. नववीपासून दरमहा 600 रुपयांचा विकासनिधी घेतात. तो अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना, सर्व मुलींना व दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना माफ आहे. हे पैसे तुम्हांकडे कोणी मागितल्यास पावती मागा.

दुसरी बाजू लपविणे बरे नव्हे. 2013 ते 2017 या पाच वर्षांत देशभरच्या नवोदयांत 49 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याचे 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील निम्मी मुले दलित व आदिवासी होती. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने त्यावर केंद्र सरकारला नोटीस काढली. दहा-अकरा वर्षांचे मूल प्रथमच घर सोडते. इंग्रजी कळत नाही, आडनाव विचारले जाते, राखीव जागेवरून आला म्हणून कोणी बोलते, आणि आईबाप तीनशे मैलांवर ऊस तोडीत असल्याने भेटीच्या दिवशी कोणी येत नाही. अशा मुलाला नुसते “हिंमत धर” सांगून भागत नाही. जे पालक येऊ शकत नाहीत त्यांच्या मुलांना भेटण्यासाठी गावातील एका जाणत्या माणसाने जावे, आणि त्याचे नाव पालक प्रतिनिधी म्हणून विद्यालयात आधीच नोंदवून ठेवावे. मूल गप्प झाले, जेवेना, सुट्टी संपताना रडू लागले, तर सदनप्रमुखांना व प्राचार्यांना भेटावे. मूल परत येतो म्हणाले तर त्याला भित्रा म्हणू नये. शाळा मुलासाठी आहे.

पुढील परीक्षेचा अर्ज साधारणतः पावसाळ्यात निघतो. तो विनामूल्य आहे व संगणकावरून भरावयाचा असतो. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, मुलाचा फोटो, मुलाची व पालकाची सही लागते. हे सारे तुम्ही गावात असतानाच होऊन जाते, घोटाळा पुढे होतो. अर्जावर बापाचा मोबाईल क्रमांक असतो आणि तो फोन बापाबरोबर फडावर जातो. प्रवेशपत्र निघाल्याची सूचना तेथे, जेथे चार्जिंगलाही ठिकाण नसते, अशा कोपीत पोचते. मूल आजीजवळ गावी असते, आणि आजीला नोंदणी क्रमांक ठाऊक नसतो. म्हणून अर्ज भरला त्याच दिवशी नोंदणी क्रमांक व जन्मतारीख दोन कागदांवर लिहा. एक वर्गशिक्षकांकडे द्या. दुसरा आजीच्या हाती द्या, आणि त्या शनिवारी सकाळी मुलाला परीक्षाकेंद्रावर कोण नेणार, त्याचे नाव त्याच कागदाच्या मागे लिहून मगच ट्रकवर चढा.